अलिबागला निघालात? आधी तिथी बघा

नमस्कार श्रोतेहो.

‘अलिबागहून आलायस का?’ असं आपण मुंबईकर एकमेकांना सर्रास विचारतो. पण ज्या गणितात अलिबागकर चुकत नाही, तिथे मुंबईकर हमखास चुकतो. गेटवेहून लाँचनं मांडवा, तिथून बस, आणि अकरा-साडेअकराला आपण किनाऱ्यावर. बघतो तर ओहोटीला चालत जाता येतो तो समोरचा कुलाबा किल्ला चारी बाजूंनी पाण्यात! तुम्ही पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेलात, तर दुसरं काही होणारच नव्हतं.

गणित सोपं आहे. पंचांगातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. ती भरतीची वेळ. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊला. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला.

आठ पाऊणे सहा. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, अगदी सोयीची. इथेच लोक फसतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, त्यामुळे पाय कोरडे राहतील याची खात्री नाही. उधाणाला समुद्र लांबवर मागे जातो, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून तृतीया ते पंचमी बघा, आणि आदल्या रात्री मुक्कामाला जा.

सहलीत जी अडचण वाटते, तीच या किल्ल्याची तटबंदी होती. ओहोटीला मोठं गलबत खडकांत जवळ येऊ शकत नाही, भरतीला पायदळ चालत येऊ शकत नाही. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षात, 1680 मध्ये, इथलं बांधकाम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं झालं आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. 1721 च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागवर चालून आले. इंग्रजांकडून कमोडोर मॅथ्यूजचं आरमार, पोर्तुगीजांकडून खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय. हल्ला फसला. कान्होजींच्या मदतीला बाजीराव आले. मग पोर्तुगीजांनी 1722 च्या जानेवारीत वरसोलीला परस्पर तह उरकला आणि इंग्रज चरफडत राहिले. ज्या वरसोलीच्या किनाऱ्यावर आज आपण खोल्या शोधतो, तीच ही वरसोली.

1729 मध्ये कान्होजी गेले, मुलांत भाऊबंदकी माजली. 1840 मध्ये वारस नाही म्हणून कंपनीनं संस्थान खालसा केलं.

किल्ल्यात गेलात तर तट जवळून बघा. मोठमोठे दगड एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि जोर तिथेच जिरतो. चुन्यानं घट्ट केलेल्या भिंतीला तोच मार सगळा अंगावर घ्यावा लागला असता. आत समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. सगळे त्यांच्यापाशी ‘आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून फोटो काढतात. तोफेवरची अक्षरं वाचा: लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, 1849. म्हणजे आंग्र्यांचं राज्य जाऊन नऊ वर्षं झाल्यानंतरच्या!

आता परतीचं. ओहोटीच्या वेळेआधी दीड-दोन तास निघालात तर बघायला पुरेसा वेळ मिळतो. पुष्कळजण ऐन ओहोटीला निघतात, आत दोन तास रेंगाळतात आणि बाहेर येईपर्यंत वाट बुडालेली असते. पाणी समोरून लाट होऊन येत नाही. सखल भागात गुपचूप भरतं, त्यामुळे घोट्याएवढं दिसलेलं पुढे कमरेला लागतं. खडकांवर शेवाळ असतं, चप्पल हातात घेऊन चालू नका. पावसाळ्यात तर हा नादच सोडा. आणि किल्ल्याच्या दारातले घोडागाडीवाले गिऱ्हाइकांना हाका मारायचं सोडून गाड्या वळवायला लागले, की देऊळ बघायचं राहिलं असलं तरी त्यांच्या मागोमाग निघा.