येन चनछिंगचा कित्ता

मंडळी, चिनी सुलेखनात नक्कल करणं कमीपणाचं कधीच नव्हतं. तिथला रियाजच तो. आधी पातळ कागद मूळ लेखनावर ठेवून रेषांचा माग काढायचा, मग मूळ समोर ठेवून बघत बघत लिहायचं, आणि खूप पुढे कधीतरी मूळ मिटून ठेवून त्याच्या वळणात आपला मजकूर लिहायचा. तांग राजवटीतला अधिकारी आणि सुलेखनकार येन चनछिंग (709–785) याचा कित्ता तिथे बाराशे वर्षं गिरवला गेला. पण ज्यांनी तो मनापासून गिरवला, त्यांतल्या प्रत्येकाच्या हाती वेगळाच येन लागला.

येनची अक्षरं दोन ठिकाणी भेटतात. एक म्हणजे त्याचे शिलालेख. 752 सालचा प्रभूतरत्न स्तूपाचा लेख किंवा 780 सालचा घराण्याच्या देवळाचा लेख, दोन्ही आज शीआनच्या संग्रहालयात आहेत. भरदार, रुंद खांद्यांची अक्षरं. आडव्या रेषा बारीक, उभ्या जाड. कुंचल्याचं टोक आत दडवून रेषेच्या मधोमध चालवलेलं, त्यामुळे रेषा गोलसर आणि वजनदार उतरते. दुसरं ठिकाण म्हणजे त्याचे कच्चे खर्डे. 755 साली आन लूशान या सेनापतीनं बंड केलं. येनचा चुलतभाऊ आणि त्याचा मुलगा चीमिंग बादशहाच्या बाजूनं उभे राहिले आणि मारले गेले. पुढे पुतण्याचं नुसतं शिर हाती लागलं. 758 साली येन त्याच्यासाठी श्राद्धाचा मजकूर लिहायला बसला. तो खर्डा आज तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. शब्द खोडलेत, बाजूला घुसडलेत, शाई संपत येते तरी हात थांबत नाही, आणि शेवटाकडे अक्षरं अक्षरशः धावत सुटतात.

हे दोन येन डोळ्यांपुढे ठेवा, कारण पुढचा सगळा वाद यांतला कोण खरा यावरच आहे.

येन स्वतःही पुढे दुसऱ्या एका बंडखोराच्या हातून मेला. सुंग काळातल्या विद्वान अधिकाऱ्यांना असाच पूर्वज हवा होता. ओयांग शिऊ (1007–1072) दगडावरच्या लेखांचे ठसे जमवत असे. त्यानं लिहून ठेवलं की या माणसाची निष्ठा उपजत होती, म्हणून त्याचं अक्षर ताठ आणि स्वतंत्र आहे, जुन्या वाटांवरून जात नाही. तोवर दरबाराचा आदर्श होता चौथ्या शतकातला डौलदार वांग शीची. येनला वर काढणं हा सौंदर्याइतकाच राजकारणाचाही निर्णय होता.

कवी सू शी (1037–1101) तर म्हणाला की कविता ‘तू फू’ या तांग काळातल्या कवीपाशी पूर्ण झाली आणि सुलेखन येनपाशी. पण सू शीची अक्षरं पाहिलीत तर येन सहज सापडत नाही! तो मनगट टेकवून, कुंचला आडवा कलता धरून लिहायचा. येनचं मधोमध चालणारं टोक त्याच्याकडे नाही. त्यानं घेतलं ते वजन, जाड शाईतला ठामपणा. हद्दपारीत असताना त्यानं हानशी या थंड अन्नाच्या सणातल्या पावसावर दोन कविता लिहिल्या. त्या गुंडाळीत अक्षरं लहान सुरू होतात आणि दुःख वाढेल तशी फुगत जातात. त्याचा मित्र ह्वांग थिंगच्येन यानं खाली शेरा लिहिला की यात येनचा आणि आणखी दोघांचा भाव एकत्र आलाय, आणि सू शीनं पुन्हा लिहायला घेतलं तरी हे साधेलच असं नाही. ह्वांगनं रेषा जुळवून पाहिल्या नव्हत्या, भाव ओळखला होता.

सू शीच्याच काळातला सुलेखनकार ‘मी फू’ (1051–1107) मात्र कडक. येनची शिलालेखांची शैली त्यानं सरळ गावंढळ ठरवली. त्याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. तो म्हणतो, दगडावरून शिकू नका. येन आपल्या घरच्या नोकराकडून अक्षरं कोरून घ्यायचा आणि तो नोकर मालकाच्या मनातलं ओळखून फराटे सुधारायचा, त्यात खरेपणा गेला. म्हणजे पिढ्यान् पिढ्या लोक येन म्हणून जे गिरवत होते, त्यातला काही भाग छिन्नीचा होता. मी फूला हवा होता तो शाईतला येन. दरबारातल्या आसनक्रमावरून येननं 764 साली एक संतापलेलं पत्र खरडलं होतं. त्याविषयी तो लिहितो की इथे मन अक्षरांवर नाही, म्हणूनच सगळा खरेपणा उघडा पडलाय. ‘मन अक्षरांवर नाही’ ही मला या परंपरेतली सर्वांत अवघड शिकवण वाटते, कारण ती गिरवायची कशी?

मिंग काळातल्या तुंग छीछांगनं (1555–1636) त्यावर एक उत्तर दिलं. त्यानं सतराव्या वर्षी सुरुवात केली ती येनच्या स्तूपलेखावरूनच. पुढे तो सांगू लागला की जुळण्यात कौशल्य आहे, पण खरी करामत सुटण्यात आहे. चिनी पुराणकथांतल्या ‘नचा’ या बालदेवानं आपली हाडं बापाला आणि मांस आईला परत केलं, तसं उस्तादाचं उस्तादाला परत करायला यावं.

शेवटी फू शान (1607–1684). तरुणपणी त्याला चाओ मंगफूच्या गुळगुळीत, गोड अक्षरांची भूल पडली होती. हा चाओ सुंग राजघराण्यातला असून मंगोलांच्या चाकरीत गेलेला. 1644 मध्ये मिंग राज्य कोसळलं, परके मांचू सत्तेवर आले, आणि फू शानला ते अक्षर बघवेना. तो येनकडे वळला. मुलानातवंडांसाठी लिहिलेल्या कवितेत तो बजावतो, अक्षर घडवण्याआधी माणूस घडवा. येनचं लिखाण गिरवण्याआधी त्याचं आयुष्य पाहा. तो बाणा अंगात असेल तर कुंचला परक्यांना गिळून टाकेल. मांचू राजवटीत असं लिहिणं धोक्याचं होतं. ‘चतुर होण्यापेक्षा ओबडधोबड बरं, लाघवी होण्यापेक्षा कुरूप बरं’ हेही त्याचंच. पुढे चाओविषयी तो थोडा निवळला, त्यानंही वांग शीचीचा मनापासून अभ्यास केला होता असं म्हणाला. पण आपलं वळण त्यानं बदललं नाही. त्याच्या येन-शैलीच्या अक्षरांत येनचा तो रुंद, भक्कम सांगाडा मुद्दाम खिळखिळा केलेला दिसतो, सांधे निखळल्यासारखे, रेषा एकमेकींपासून सुटलेल्या.