अडीच रुपयांची दाढी

नमस्कार श्रोतेहो.

आज बंगालमध्ये जायचं आहे. साल 1831. मुलूख बारासातचा, कलकत्त्यापासून फार लांब नाही, इछामती नदीच्या आसपासचा. आणि माणूस तितू मीर. खरं नाव मीर निसार अली, जन्म 1782 चा. अंगापिंडानं पैलवान गडी. तरुणपणी जमीनदाराच्या पदरी लाठी चालवली, त्यापायी तुरुंगाची हवाही खाल्ली. पुढे मक्केला गेला, रायबरेलीच्या सय्यद अहमद यांचा शिष्य झाला आणि 1827 च्या सुमारास गावी परतला तो उपदेशक होऊन. पिरांच्या दर्ग्याला नवस बोलू नका, व्याज घेऊ नका, दाढी राखा, असं सांगू लागला. ऐकणारे कोण? कुळं आणि विणकर. दुसऱ्याच्या जमिनीत राबणारे, दुसऱ्याच्या उधारीवर जगणारे.

कायमधारा पद्धत तुम्ही शाळेत वाचलेली आहे, त्यात शिरत नाही. एवढंच ध्यानात ठेवा, की 1793 पासून जमीनदारानं कंपनी सरकारला भरायची रक्कम कायमची ठरून गेली होती. कुळाकडून काय उकळायचं, ते मात्र ठरलेलं नव्हतं. धारा, म्हणजे जमिनीचा सारा, तर होताच, वर नाना तऱ्हेच्या पट्ट्या. जमीनदाराच्या घरी लग्न, द्या पट्टी. पूजा, द्या पट्टी. आणि 1799 च्या एका कायद्यानं थकबाकीदार कुळाला धरून आणायची मुभाही जमीनदाराला दिलेली.

आता खरी गोष्ट. पुंडा गावचा जमीनदार कृष्णदेव राय. आपली कुळं या नव्या उपदेशकाच्या नादी लागतायत, एकी करतायत, हे त्याच्या डोळ्यांवर आलं. त्यानं काय करावं? दाढीवर पट्टी बसवली. ऐका नीट. शेतावर नाही, पिकावर नाही, दाढीवर. तितूच्या पंथातल्या ज्या माणसाला दाढी असेल त्यानं अडीच रुपये भरायचे. अडीच रुपये म्हणजे चहाचे पैसे नव्हेत, मंडळी. त्या काळात राबणाऱ्या माणसाला एवढी रोकड हाताशी यायला आठवडेच्या आठवडे लागायचे.

(आज आपण दाढीला आकार द्यायला सलूनवाल्याला शंभर-दोनशे हसत हसत देतो, वर त्याच्याकडून राजकारण फुकट ऐकून घेतो. असो. ते सुख वेगळं आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही.)

तर अडीच रुपये. पुंड्यात वसुली झाली. लोकांनी मुकाट्यानं भरले. मग जमीनदाराची माणसं सरफराजपूरला गेली. तिथं मात्र गाव उलटलं. वसुलीवाल्यांना मार बसला. ते कळल्यावर कृष्णदेव राय लाठीवाल्यांची टोळी घेऊन गावावर चालून आला. घरं लुटली आणि गावातली मशीद पेटवून दिली.

आता माझा मुद्दा इथं आहे, म्हणून सावकाश सांगतो. मशीद जळाल्यावर गावकऱ्यांनी काय केलं? हत्यार उचललं? नाही. ते पोलीस ठाण्यात गेले. फिर्याद दिली. रीतसर. जमीनदारानंही उलट फिर्याद ठोकली. चौकशीला आला बसीरहाटचा दरोगा, म्हणजे पोलीस ठाण्याचा अंमलदार, रामराम चक्रवर्ती. त्यानं अहवालात काय लिहावं? की जमीनदाराला गुंतवण्यासाठी या लोकांनीच स्वतःची मशीद जाळली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. बारासातच्या मॅजिस्ट्रेटनं कागद पाहिले आणि प्रकरण काढून टाकलं.

तरीही, श्रोतेहो, तरीही हत्यार नाही. गावकरी कलकत्त्याला गेले, अपील करायला. चिखल तुडवत, पदरमोड करून गेले. आणि तिथं कळलं की जज्जसाहेब दौऱ्यावर आहेत, बाकरगंजला. माणसं हात हलवत परत आली.

साहेब दौऱ्यावर आहेत! ज्यानं कुठल्याही कचेरीत खेटे घातले आहेत त्याला हे वाक्य मी समजावून सांगायला नको. माझं तर मत आहे की या देशातल्या बंडांचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्यानं आधी फेटाळलेल्या अर्जांचं दप्तर उघडावं.

पुढचं भराभर सांगतो. ऑक्टोबर 1831 मध्ये तितूची माणसं नारकेलबेडिया गावात जमली आणि पुढे पुंड्यावर चालून गेली. तिथं देवळासमोर गाय मारली, रक्त देवळावर शिंपडलं. हेही घडलं, आणि ते गाळून ही गोष्ट सांगू नये. पण ज्यांना यात फक्त धर्म दिसतो त्यांना हेही सांगायला हवं, की याच लोकांनी शेरपूरला एका सधन मुसलमानाचं घर लुटलं आणि नीळवाल्या गोऱ्यांच्या कोठ्याही सोडल्या नाहीत. कंपनीचं राज्य संपलं असं तितूनं जाहीर केलं आणि जमीनदारांकडेच धारा मागायला सुरुवात केली.

मग तितूनं नारकेलबेडियात बांधलेला तो प्रसिद्ध किल्ला. बांबूचा. बांबू आणि माती. 15 नोव्हेंबरला बारासातचा मॅजिस्ट्रेट अलेक्झांडर साहेब शिपाई घेऊन आला. बंदुकांत नुसता बार होता, गोळी नव्हती. नुसत्या आवाजानं शेतकरी पळतील असा त्याचा होरा. धूर निघाला, आवाज झाला, पडलं कुणीच नाही. तितूच्या गोटातल्या फकिरानं गोळ्या खाऊन टाकल्या, अशी आवई त्या भागात उठली म्हणतात. लोक तुटून पडले. साहेब कसाबसा जीव घेऊन पळाला. आणि त्या धुमश्चक्रीत कोण सापडलं? तोच दरोगा, रामराम चक्रवर्ती. अहवाल लिहिणारा. त्याला ठार केलं.

19 नोव्हेंबरला तोफा आल्या, सोबत पायदळ आणि घोडदळ. तोफेपुढे बांबू किती टिकणार? तितू मीर लढता लढता मेला, त्याच्यासोबत पन्नासेक माणसं. साडेतीनशेच्या आसपास पकडले गेले. त्याचा सेनापती गुलाम मासूम याला फाशी झाली.

शाळेच्या पुस्तकात तितू मीर आलाच, तर बांबूचा किल्ला येतो आणि गोष्ट आटपते. कलकत्त्याची ती रिकामी फेरी कुठेच येत नाही. मला किल्ल्यापेक्षा ती फेरी मोठी वाटते. सगळं शमल्यावर सरकारनं कॉल्विन नावाचा अधिकारी चौकशीला नेमला. लोक गेले, तोफा झाल्या, फाशी झाली, आणि मग चौकशी.

याच बंगालात, फरीदपूरकडे, थोड्याच वर्षांनी दुदू मियाँ उभा राहिला. जमीन देवाची आहे, तिच्यावर धारा घ्यायचा हक्क कुणाला नाही, असं तो म्हणायचा. त्याची हकिगत लांबलचक आहे, ती पुढच्या भाषणात. वेळ हीच. नमस्कार.