आप्पा परत वर्दीत

नमस्कार श्रोतेहो. फौजी पेन्शन आला, म्हणजे निवृत्त होऊन घरी आला, की गावात काय होतं ते तुम्हाला माहितीय, हार, गुलाल, ट्रॅक्टरवरून मिरवणूक, आणि मग दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाचं घरात काय करायचं हे कुणालाच कळत नाही. आज बोलायचंय ते अशाच घरांबद्दल, जिथनं हा पेन्शन आलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत पेटी भरून परत नोकरीवर जातो आणि मागं राहिलेले एकमेकांकडं बघत बसतात. आमचं घर त्यातलंच एक. वडलांना आम्ही आप्पा म्हणतो, हवालदार होते, पेन्शन आले होते, आणि तेच आप्पा परत डीएससीत गेले.

डीएससी म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. सातारा सांगलीकडच्या फौजी घरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. २५ फेब्रुवारी १९४७ ला हे दल उभं राहिलं, सेंटर केरळात कन्नूरला आहे. काम काय, तर आर्मी, नेव्ही, एअरफोर्स तिन्हींचे डेपो, विमानतळ, दारूगोळ्याची कोठारं, संरक्षण खात्याच्या लॅब, अशा ठिकाणी पहारा द्यायचा. आणि जवान कोण, तर जास्त करून पेन्शन आलेले. म्हणजे एकदा देशाचं करून आलेल्या माणसाला परत बोलवून गेटवर उभं करायचं असं आमची आजी म्हणायची, आणि खरं सांगू का, मला तेव्हा तिचंच बरोबर वाटायचं.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट पटत नाही, ती म्हणजे फौजी म्हातारा होऊन पेन्शन येत नाही. अठरा-एकोणीसला भरती झालेला पोरगा चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं घरी येतो, तेव्हा पोरं दहावी-बारावीत असतात, घराचं कर्ज अर्ध्यात असतं, आणि पेन्शन म्हणजे पगार नव्हे. मग काय करणार, शहरात जाऊन एजन्सीतर्फे एटीएमच्या दारात नाहीतर सोसायटीच्या गेटवर बारा तास उभं राहायचं, सुट्टी मागितली की पगार कापणार, आणि कालचं कॉलेजचं पोरगं गाडीतनं हॉर्न वाजवून "ओ वॉचमन" म्हणणार. आप्पांनी तेही करून बघितलं. घरी काही बोलले नाहीत, पण तो निळा शर्ट त्यांनी दोरीवर कधी वाळत घातला नाही, बाथरूममध्येच खुंटीला असायचा.

तरी पैसा हे अर्धंच कारण, आणि ते कारण सांगायला सोपं म्हणून सगळे तेच सांगतात. उरलेलं अर्धं घरात होतं. आप्पा नोकरीला असताना आईनं घर आपल्या पद्धतीनं बसवलेलं, बँक तिची, शेताचा वाटेकरी तिनं ठरवलेला, गॅसचा नंबर, शाळेची फी, लाईटबिल सगळं तिच्या हातात, आणि आप्पा म्हणजे वर्षातनं दोनदा सुट्टीवर येणारा पाहुणा, त्यांच्यासाठी कोंबडं कापायचं, त्यांच्यासमोर भांडायचं नाही. हा पाहुणा कायमचा राहायला आला. पहाटे साडेचारला उठून अंगण झाडायचे, मग आम्हाला उठवायचे, मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायचे, आणि आईला हळद सापडायची नाही. एकदा आई शांतपणे म्हणाली, तुमची बटालियन नाही ही. त्या दिवसानंतर डबे जागच्या जागी राहिले आणि आप्पा ओट्यावर जाऊन बसायला लागले, आणि मला वाटतं अर्ज तिथंच ठरला, बाकी कुठं नाही.

अर्ज भरल्याचं आम्हाला कळलं ते मेडिकलची तारीख आल्यावर. आजी रडली, धाकटा भाऊ खूष झाला कारण आता पहाटे कोणी उठवणार नव्हतं, आणि आई काहीच बोलली नाही, जे सगळ्यात वाईट होतं. भावकीत कुजबुज सुरू झाली, घरात पटत नाही वाटतं, पोरीच्या लग्नाला पैसा कमी पडतोय वाटतं. लोक काय, बोलणारच. आईचा राग वेगळा होता, तो मला फार उशिरा कळला. तिला त्यांच्या जाण्याचा राग नव्हता, तिला न विचारता ठरलं याचा होता. पहिल्या वेळी लग्नाआधीच भरती झालेले, तेव्हा विचारायचा प्रश्नच नव्हता, पण या वेळी ती समोर बसलेली होती की.

आणि मग ते फितींचं, म्हणजे बाहीवरच्या हुद्द्याच्या पट्ट्यांचं, प्रकरण. डीएससीत बरेच जण परत शिपाई म्हणून लागतात, आधी हवालदार असला तरी. हवालदाराच्या खाली नायक, आणि त्याच्याही खाली शिपाई. म्हणजे गावात ज्यांना सगळे हवालदारसाहेब म्हणतात ते तिथं जाऊन शिपाई. भाऊ म्हणाला, आप्पा, काल हाताखाली असलेल्या पोराच्या वयाचा नायक तुम्हाला ऑर्डर देणार, चालेल का? आप्पा म्हणाले, ऑर्डर कुठली ते कळलं की झालं. जायच्या आधी पेटीतला एक जुना शर्ट काढला होता, आईनं ब्लेड घेऊन त्याच्या बाहीवरच्या तिन्ही फिती उसवल्या, एकेक टाका, कापडाला कुठं खेच न येऊ देता, आणि खाली कापड एवढं गडद राहिलेलं की फिती नसल्या तरी फितींचा आकार दिसतच होता. तो शर्ट त्यांनी नेला नाही. नवीन वर्दी तिकडं मिळते, मग हा कशाला उसवायचा होता कुणास ठाऊक, पण दोघांनाही ते काम करायचं होतं.

ते गेले आणि थोड्याच दिवसात, २ जानेवारी २०१६ ला पठाणकोटच्या एअरबेसवर हल्ला झाला. टीव्हीवर डीएससी हा शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. त्या हल्ल्यात डीएससीचे पाच जण गेले. त्यातले सुभेदार फतेह सिंग हे १९९५ च्या कॉमनवेल्थ नेमबाजी स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य मिळवलेले. जगदीश चंद नि:शस्त्र असताना अतिरेक्याला भिडले, त्याचीच रायफल हिसकावून त्याला मारलं आणि मग दुसऱ्यांच्या गोळ्यांनी गेले, त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र मिळालं. तोवर आमच्या घरात समज असा की डीएससी म्हणजे आरामाची नोकरी, गेटवर उभं राहायचं आणि महिन्याला पगार. आप्पा पठाणकोटच्या आसपासही नव्हते, पण फोन लागेपर्यंत आई देव्हाऱ्यासमोरून उठली नाही. फोन लागल्यावर तिनं विचारलं, जेवलात का. मग फोन ठेवला आणि आम्हाला सगळ्यांना कशावरून तरी झापलं.

आता जरा कामाचं बोलते, कारण ऐकणाऱ्यांत अशी घरं असतील. डीएससीत पहिली नेमणूक साधारण दहा वर्षांची असते, मग पाच वर्षं वाढवून मिळतात, फिटनेस आणि वय बघून. दुसरी पेन्शन हवी तर साधारण १५ वर्षं भरावी लागतात, आणि काही महिने कमी पडले म्हणून कोर्टात गेलेल्या केसेस आहेत, तेव्हा अर्ज करतानाच जन्मतारीख आणि तारखा घेऊन हिशेब मांडा. दुसरं म्हणजे पेन्शनसाठी आधीची नोकरी या नोकरीत धरायची का वेगळी ठेवायची हा पर्याय लिहून द्यावा लागतो. हा कागद घरातल्या पुढच्या पंचवीस-तीस वर्षांच्या पैशाचा, आणि मी बघितलेल्या बहुतेक घरांत बायकोला असा कागद असतो हेच माहीत नाही. माझ्या मते तो दोघांनी बसून भरावा, आणि नॉमिनीचं नाव, बँकेतलं जॉइंट खातं तेव्हाच बघून घ्यावं.

आणि ज्याला वर्दीच हवीय, पण गेटवरचा पहारा नकोय, त्याला टेरिटोरियल आर्मीच्या इको बटालियन आहेत. आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरला १३६ इन्फंट्री बटालियन महार, २०१७ ला उभी राहिली, माजी सैनिक मराठवाड्यात झाडं लावतात आणि जगवतात. आप्पांच्या ओळखीतले एकजण तिकडं गेले, ते म्हणतात की खड्डे खणायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, हेच घरच्या शेतात सांगितलं असतं तर कंबर दुखली असती. 

आप्पांना मी एकदा सुट्टीवर असताना सरळ विचारलं, का गेलात. बराच वेळ बूट पॉलिश करत बसले आणि म्हणाले, तिथं सकाळी उठल्यावर मला काय करायचं ते माहीत असतं. यावर आई आतनं म्हणाली, इथं पण होतंच की, विचारलं असतं तर सांगितलं असतं. आप्पा हसले. मला नाही वाटत की त्या दोघांनी एकमेकांचं पूर्ण ऐकून घेतलंय, पण निदान आता बोलतात, आणि फोनवर आईच जास्त बोलते, वाटेकऱ्याचं, मोटारीचं, पोरांचं, आणि निर्णय अजून तीच घेते.

आता त्यांची पहिली दहा वर्षं संपत आलीयत आणि पुढच्या पाच वर्षांचं विचारणं सुरू झालंय. या वेळी अर्ज भरायच्या आधी फोन आला. आईनं सांगितलं, आधी पोस्टिंग कुठं देणार ते विचारा, कुटुंबाला क्वार्टर मिळते का बघा, आणि धाकट्याचं लग्न मार्चच्या आत उरकत असेल तरच पुढचं बोलू. ऑफिसात चौकशी केलीय म्हणे, उत्तर अजून यायचंय.