ट्रेलरचे टायर : नक्षी नवी, टायर म्हातारा

आवाज येतोय ना मागपर्यंत? हां. तर झालं काय, मागच्या पिकनिकला चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, दादा, ट्रेलरला नवे टायर टाकायचेत, कुठले टाकू, आणि मी प्रत्येकाला एक नाव सांगून मोकळं होण्याऐवजी अर्धा अर्धा तास पकडून ठेवलं, म्हणून मंडळाने ठरवलं की याला एकदाच सगळ्यांसमोर बोलू द्या. मी टायरवाला नाही हां, नोकरी सॉफ्टवेअरची, राहतो इथेच डॅलसच्या उत्तरेला, आणि एक २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, सेकंडहँड, २०१६ चं मॉडेल. जे काय शिकलो ते टायर फुटल्यावर शिकलो.

२०२२ ची गोष्ट, ऑक्टोबर, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बिग बेंड नॅशनल पार्कला निघालो होतो. फोर्ट स्टॉकटन सोडून हायवे ३८५ वरून दक्षिणेला लागलो की मॅरेथॉन नावाचं एक छोटं गाव येतं, त्याच्या अलीकडे, दोन्हीकडे काही म्हणजे काही नाही, आणि मागचा एक ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, हेडलाइट मारतोय, आणि मी आमच्या हिला म्हणतोय की बघ, काय घाई असते लोकांना. घाई नव्हती त्याला, बिचारा सांगत होता की तुझ्या ट्रेलरच्या चिंध्या उडतायत. उजवीकडचा मागचा टायर गेलेला. गाडीत आम्हाला काहीही कळलं नाही, पोरं मागे खिडकीला टेकून झोपलेली. आणि नुसता टायर जात नाही हो, सुटलेला रबराचा पट्टा चाकाबरोबर गरागरा फिरतो आणि चाबकासारखा फटके मारतो, चाकावरचं फ्लोअर फाटलं, खालच्या वायरी लोंबकळायला लागल्या, गॅसची लाइन चार बोटांवरून वाचली.

खाली उतरून बघतो तर बाकीचे तीन टायर एकदम चकाचक. नक्षी शोरूममधून आणल्यासारखी. माझं डोकंच चालेना, कारण आपलं टायरबद्दलचं सगळं ज्ञान काय, तर नक्षी झिजली, टायर गोटा झाला की बदलायचा. माझे वडील सांगलीला एसटीत मेकॅनिक होते, ते हाताचा अंगठा नक्षीत घालून बघायचे आणि सांगायचे अजून किती चालेल, तीच सवय मला. पण कारचा टायर झिजून मरतो आणि ट्रेलरचा टायर उभ्या उभ्या मरतो. वर्षाचे दहा महिने तो स्टोरेजमध्ये एकाच जागेवर उभा, टेक्ससचं ऊन खातोय, वर सगळं वजन आहेच, आणि रबरात जे मेणासारखं संरक्षक द्रव्य मिसळलेलं असतं ते टायर फिरला, दबला तर पृष्ठभागावर येत राहतं, उभ्या टायरला ते नीट होत नाही. मग बारीक चिरा पडतात, आणि नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांची एकमेकांवरची पकड सैल होते, ती तर बाहेरून दिसतच नाही.

म्हणून पहिली गोष्ट तारीख. टायरच्या बाजूला डीओटी असं लिहिलेलं असतं आणि पुढे अक्षरं आकडे, त्यातले शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. माझ्या फुटलेल्या टायरच्या जोडीदारावर होतं ०८१६, म्हणजे २०१६ चा आठवा आठवडा, साडेसहा वर्षं झालेली. आता यात एक खोडी अशी की हे पूर्ण चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असले तरी चालतात, आणि नशीब आपलं असं की ती बाजू हमखास आतल्या अंगाला असते, त्यामुळे ट्रेलरखाली आडवं पडून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. मी ट्रेलर घेताना पडलो नव्हतो आडवा. तुम्ही पडा. पाच वर्षं झाली की मी बदलतो, नक्षी कितीही सुंदर असू दे, सहाच्या पुढे तर अजिबात नाही.

पुढचा किस्सा. स्टेपनी लावून आम्ही परत फोर्ट स्टॉकटनला आलो, एका दुकानात गेलो, नाव घेत नाही, तो म्हणाला आहे ना, ब्रँड न्यू टायर आहे, कागदाची चिठ्ठी अजून चिकटलेली. मी तोपर्यंत फोनवर सगळं वाचून शहाणा झालो होतो, बघितलं तर ३८१९. ब्रँड न्यू टायर तीन वर्षांचा! त्याचं पण खोटं नव्हतं म्हणा, वापरलेला नव्हताच तो, पण माझ्या पाच वर्षांतली तीन त्याच्या दुकानाच्या मांडणीवर गेली होती. घेतला, करतो काय, पण घरी आल्यावर त्याला स्टेपनी केलं. त्यामुळे ऑनलाइन घेतलात किंवा दुकानात गेलात तरी बसवायच्या आधी तारीख विचारा, वर्षाच्या आतला नसेल तर सरळ परत करा, चाकावर चढवल्यावर मग कोण ऐकतंय.

आता वजनाचं, आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण खरी गंमत इथे आहे. माझ्या ट्रेलरला कंपनीतून आलेले टायर होते एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी, म्हणजे किती वजन पेलेल त्याचा दर्जा, सी च्या वर डी, डी च्या वर ई. एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर, आपली लाल डबा एसटी नाही. त्या टायरवर लिहिलंय की ५० पीएसआय हवा असताना १७६० पौंड पेलतो. चार टायर, ७०४० पौंड. ट्रेलरला दोन एक्सल, प्रत्येकी ३५०० पौंडाचे, झाले ७०००. म्हणजे एक्सल पूर्ण भरला तर टायरकडे शिल्लक किती, तर चाळीस पौंड! अठरा किलो. चार टायरमध्ये मिळून. इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या वीस पौंडी आट्याच्या दोन पिशव्या, संपलं.

बरं, पण माझा ट्रेलर पूर्ण भरलेला होता का? हे कळायला हायवेवर ट्रक स्टॉपला कॅट स्केल असतो, ट्रकवाल्यांचा वजनकाटा, थोडेसे पैसे देऊन कुणीही जाऊ शकतं, गाडीची पुढची चाकं एका पाटावर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या, अशी तीन वजनं छापून हातात मिळतात. जाताना जसे जातो तसं सगळं भरून जायचं, रिकामा ट्रेलर मोजून काही उपयोग नाही. माझ्या ट्रेलरच्या चाकांवर आलं ६७८०. साधारण ८०० गाडीच्या हुकवर. म्हणजे एकूण ७५८०, आणि कागदावर कमाल मर्यादा ७६००. मी खूश, वीस पौंडांनी पास झालो. पण कॅट स्केल चारही चाकांचं मिळून एकच वजन देतो, कुठल्या चाकावर किती ते सांगत नाही. त्यासाठी मी इथे टेक्ससमध्येच लिव्हिंगस्टनला एस्केपीज या ट्रेलरवाल्यांच्या क्लबकडे गेलो, ते प्रत्येक चाक वेगळं मोजून देतात. डावीकडे पुढे १५९०, मागे १६३०. उजवीकडे पुढे १६५०. आणि उजवीकडे मागे, जो फुटला तोच कोपरा, १९१०!

१७६० चा टायर आणि वर १९१०. सहा वर्षांचा म्हातारा आणि डोक्यावर दीडशे पौंड जास्त.

का, तर आमचं स्वयंपाकघर त्या कोपऱ्यात. फ्रिज, ओव्हन तिथेच, आणि खालच्या कपाटात आमच्या हिचा वेट ग्राइंडर, दगडाचा, कारण बिग बेंडला गेलो तरी इडलीचं पीठ ताजं पाहिजे. (हसताय काय, इडल्या खाताना कोणी तक्रार केली नव्हती.) शिवाय पाण्याची टाकी ४० गॅलनची, भरली की ३३० पौंडाच्या वर, आणि आम्ही घरूनच भरून निघायचो. आता ग्राइंडर पुढच्या बाजूला डावीकडे गेलाय, पाणी कॅम्पग्राउंड जवळ आलं की भरतो, तो कोपरा १७२० वर आला.

आणि टायर घेतले तोच साइज, लोड रेंज डी, जो २०४० पौंड पेलतो. पण लक्षात घ्या, तो २०४० पेलतो ६५ पीएसआयला. डी टायर घातला आणि सवयीने ५० च हवा भरली तर तो परत १७६० चाच टायर आहे, जास्तीचे पैसे वाया. आणि ६५ भरायची तर रिमला ते सोसलं पाहिजे, रिमच्या पाठीमागे कमाल वजन किंवा दाब ठोकलेला असतो तो बघून घ्या. १५ इंची चाकवाल्यांनी ८० पीएसआयचा लोड रेंज ई घेतला तर साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही, तो ६५ पर्यंतचाच असतो, धातूचा बसवून घ्या, दुकानवाला आपणहून विचारेलच असं नाही. लोड रेंज ई ला लोक म्हणतात टेन प्लाय टायर, आत दहा थर वगैरे नसतात हां, ती ताकदीची जुनी मोजणी आहे, खरे थर बाजूला बारीक अक्षरात लिहिलेले असतात, त्यात नायलॉनचा थर दिसला तर मला बरं वाटतं, तो पट्टे सुटू नयेत म्हणून वरून बांधून धरतो.

हवा किती, तर ट्रेलरच्या एसटी टायरला मी बाजूला लिहिलेली कमाल हवा भरतो, सकाळी, चाक थंड असताना, ऊन लागायच्या आत. कारमध्ये आपण थोडी कमी ठेवतो, बसायला मऊ लागतं, पण ट्रेलरमध्ये बसतंय कोण? उलट दोन एक्सलचा ट्रेलर वळवताना मागची चाकं अक्षरशः आडवी घासत जातात, पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना कुणाला तरी बाहेर उभं करून टायर बघायला सांगा, कसा पिळवटतो ते बघून पोटात गोळा येतो. हवा कमी असली की पिळवटणं जास्त, दबणं जास्त, दबलं की तापणार, तापलं की आतले पट्टे सुटणार. माझ्या मते फुटलेल्या टायरपैकी बरेचसे आधी हळूहळू हवा गेलेले असतात आणि ड्रायव्हरला पत्ताच नसतो. आणि एकाने हवा सोडली की त्याच बाजूचा जोडीदार दोघांचं ओझं उचलतो, म्हणून एक फुटला असेल तर जोडीदारावर पण विश्वास ठेवू नका, मी चारही बदलले. चाकाच्या हवेचा सेन्सर बसवा, टीपीएमएस, ट्रेलरला कंपनीतून आलेला नसला तर बाहेरून मिळतो, व्हॉल्व्हवर टोपीसारखा फिरवायचा. एका बंपरच्या खर्चापेक्षा कमी.

वेग. हा विषय नको असतो कुणाला. पश्चिम टेक्ससमध्ये आय-१० हायवेवर ताशी ८० मैलांची पाटी आहे आणि गाडी दमदार असली की पाय जातोच. पण एसटी टायर वर्षानुवर्षं ६५ मैलांसाठीच बनायचे, बाजूला वेगाचं अक्षर नसेल तर ६५ च धरायचं. आता नव्यांवर अक्षर असतं, एल म्हणजे ७५, एम ८१, एन ८७. याचा अर्थ ८७ ने पळवा असा नाही, उष्णता सहन करायची ताकद जास्त एवढंच. मी एन घेतला आणि ६२-६३ ने चालवतो, पोरं वैतागतात. कॅलिफोर्नियात तर काहीही ओढत असाल तर ५५ च्या वर जायचंच नाही, कायदाच आहे.

हां, कंपनीचं नाव, त्यासाठीच बसलायत माहितेय मला. मी गुडइयर एन्ड्युरन्स घेतले, २०१७ ला आले बाजारात, इथे अमेरिकेत बनतात, त्यांच्याच जुन्या मॅरेथॉन टायरच्या जागी आणले. हो, मॅरेथॉन, गावाचंही नाव तेच, पण माझा फुटला तो त्यातला नव्हता, उगाच बदनामी नको. मॅक्सिस, कार्लाइल पण लोक आनंदाने वापरतात. 'चायना बॉम्ब' म्हणून इथे ट्रेलरवाल्यांमध्ये शिवीच आहे, स्वस्त टायरला देतात, पण मला विचाराल तर माझ्या १९१० पौंडाखाली कुठल्याही कंपनीचा १७६० चा टायर फुटलाच असता.

कारचे टायर टाकले तर, असं मागून कोणीतरी विचारतंय. नको. कारचा टायर ट्रेलरवर लावला की त्याच्या क्षमतेला १.१० ने भागायचं असा नियम आहे, म्हणजे जवळपास नऊ टक्के गेलेच, आणि बाजू मऊ असल्यामुळे ट्रेलर डुलतो. एलटी, म्हणजे पिकअपचे टायर, १६ इंची चाकवाले वापरतात, ते मजबूतच असतात, पण वजनाचा आकडा बघून घ्या, एसटी २३५/८० आर १६ लोड रेंज ई ३५२० पौंड पेलतो आणि त्याच्या जवळचा एलटी २३५/८५ आर १६ ३०४२, सहज पावणेपाचशेचा फरक.

अजून एक, बसवल्यावर नट. टॉर्कचा पाना घ्या, अर्ध्या इंची स्टडला ९० ते १२० फूट-पौंड असतं, आणि १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून परत आवळा, ट्रेलरचे नट ढिले होतात. आणि टायर कंपनीकडे नंबर रजिस्टर करा, रिकॉल निघाला तर पत्र येतं, नाहीतर कुणाला शोधणार ते तुम्हाला?

काकू, बोला. झाकणं घालावी का? घाला की, चाकांवर पांढरी झाकणं मिळतात, उन्हापासून वाचतं. पण झाकणाने तारीख बदलत नाही काकू. आणि स्टेपनी? स्टेपनीपण म्हातारी होते हो, मागे बंपरवर लटकून तीच तर सगळ्यात जास्त ऊन खाते. माझी ३८१९ वाली गेल्या वर्षी बदलली, पाच पूर्ण झाल्यावर, स्टेपनी झाल्यापासून एक मैल न चालता.

चला, चहा येतोय तोपर्यंत बाहेर जाऊ, कुलकर्णींचा ट्रेलर पार्किंगमध्ये उभा आहे, टॉर्च मी आणलाय, खाली अंथरायला जुना टॉवेल पण आहे. त्यांना अजून माहीत नाही त्यांच्या टायरवर काय लिहिलंय.