मुळे फुटेपर्यंत: बे लॉरेलचे छाट कलम

इंग्लंडमधल्या या घराच्या मागच्या दारी, स्वयंपाकघरापासून चार पावलांवर, मोठ्या कुंडीत जे झाड उभे आहे, त्याला घरातली मराठी माणसे सवयीने तमालपत्र म्हणतात. प्रत्यक्षात ते भूमध्य समुद्राच्या काठचे बे लॉरेल आहे. आपल्या मसाल्यातले तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या, दालचिनीच्या गोतातल्या झाडाचे असते आणि त्याच्या पानावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा धावतात. लॉरेलचे हे पान उजेडापुढे धरा, मधोमध एकच मुख्य शीर दिसेल आणि तिला दोन्ही बाजूंनी बारीक फाटे फुटलेले असतील. कूळ मात्र दोघांचे एकच आहे.

लॉरेलचे बी रुजायला कधीकधी सहा महिने लागतात. शिवाय या जातीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्याने, बियांपासून आलेले रोप कोणते निघाले हे ते फुलावर येईपर्यंत कळत नाही. स्वयंपाकाला त्याने काही बिघडत नाही, हेही खरे. पण सोनेरी पानांचा वाण तसाच्या तसा हवा असेल, तर फांदीपासूनच रोप करावे लागते.

त्यासाठी ऑगस्ट महिना चांगला. या वर्षीची फांदी तेव्हा टोकाला हिरवी आणि लवचीक असते, पण बुडाशी तपकिरी, टणक होऊ लागलेली असते. याहून कोवळी फांदी माना टाकते आणि जून फांदीला मुळे फुटता फुटत नाहीत.

फांदी कोणत्या झाडाची घेतो, याची मात्र पक्की खात्री हवी. इथल्या घराघरांच्या कुंपणाला जे चेरी लॉरेल लावलेले असते, ते नावाने आणि चकाकीने फसवते. त्याचे पान चुरगळले की कडू बदामासारखा वास येतो आणि ते विषारी असते. म्हणून, ज्या झाडाची पाने रोज फोडणीत पडतात, त्याचीच फांदी घ्यावी.

आता कात्रीकडे पाहा. दहा ते पंधरा सेंटिमीटरची छाट पेराच्या, म्हणजे पान फुटते त्या सांध्याच्या, लगेच खाली कापली आहे. खालची पाने काढून वरची दोन-तीन ठेवली आहेत आणि तीही आडवी कापून निम्मी केली आहेत. ती कापताना साऱ्या ओट्यावर पुलावाचा वास पसरतो. पाने निम्मी करण्याचे कारण साधे आहे: मुळे नसलेली फांदी पाणी ओढू शकत नाही, पाने मात्र ते उडवत राहतात. बुडाजवळ एका बाजूची साल बोटाच्या पेराएवढी खरवडून, तिथे मुळे फुटण्याची पावडर लावून, छाट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) यांच्या भुसभुशीत मिश्रणात खोचली जाते. वरून प्लास्टिकची पिशवी घातली की आतली हवा दमट राहते. कुंडी उजेडात, पण थेट उन्हापासून दूर आणि बुडाला साधारण २० अंश सेल्सिअस ऊब मिळेल अशी ठेवावी.

यानंतर काही महिने पाहण्यासारखे काहीही घडत नाही, आणि बहुतेक छाटी याच काळात मरतात. कधी पाणी जास्त झाल्याने, तर कधी माणसाच्या उतावीळपणामुळे. पाने हिरवी आहेत म्हणजे मुळे आली, असे नसते. कापलेल्या जागी नुसती पांढुरकी गाठ धरून छाट महिनोन्‌महिने तशीच तग धरते. उपटून पाहिले, तर नुकते फुटलेले ठिसूळ मूळ तिथेच तुटते. म्हणून या घरात कुंडी उचलून फक्त तळाचे भोक पाहतात. बारापैकी चार-पाच छाटी जगल्या तरी ते वाईट पीक नव्हे.

पुढच्या वसंतात त्या भोकातून पांढरे टोक डोकावले की रोप स्वतंत्र कुंडीत जाते आणि त्याचा पहिला हिवाळा घरातच काढला जातो. त्याची पाने एवढ्यात तोडायची नाहीत; पुलावासाठी थोरले झाड आहेच.