गोफर एक, नावं दोनशेच्या घरात

हे गोफरचं कातडं जवळून पाहा. आत कापूस भरलेला आणि मागच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर प्राणी पकडल्याचं ठिकाण, तारीख, नर की मादी, एकूण लांबी, शेपटीची लांबी, मागच्या पंजाची लांबी. शेजारी त्याच क्रमांकाची कवटी. मांस खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांनी ती लख्ख केलेली आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठातलं प्राण्यांच्या नमुन्यांचं संग्रहालय 1908 साली ॲनी अलेक्झांडर यांनी उभं केलं आणि जोसेफ ग्रिनेल त्याचे पहिले संचालक झाले. तिथले खणच्या खण अशा नमुन्यांनी भरले आहेत.

हा पॉकेट गोफर. उत्तर आणि मध्य अमेरिकेत जमिनीखाली राहणारा, कुरतडून खाणारा प्राणी. आपल्या घुशीसारखा बिळं करतो, पण तिचा जवळचा नातलग नव्हे. त्याच्या दोन्ही गालांना केसाळ अस्तराच्या पिशव्या असतात. माकडाच्या गालातली पिशवी तोंडाच्या आत उघडते. गोफरची बाहेर उघडते. ओठ पुढच्या दातांच्या मागे मिटतात. म्हणून दातांनी माती उकरली तरी तोंडात माती जात नाही.

गोफरचे मोठे गट ओळखायला वरचे पुढचे दात पुरतात. जिओमिस गटात दातावर दोन खाचा, थोमोमिस गटात दात जवळपास सपाट. उपप्रजातीपाशी, म्हणजे एकाच प्रजातीतल्या लहान स्थानिक गटांपाशी आलं, की मात्र काम किचकट होतं.

गोफर एकलकोंडा. एका बिळात एकच. जमिनीवर फारसा येत नाही, लांब जात नाही. मध्ये नदी आली, कातळ आला, घट्ट चिकणमाती आली, की पलीकडच्या गोफरशी संबंध तुटतो. शिवाय केसांचा रंग बहुधा तिथल्या मातीशी जुळतो. बोट्टाचा गोफर ही एकच प्रजाती घ्या. इम्पीरियल खोऱ्याच्या वाळवंटात ती फिकट, पांढुरकी दिसते. ओलसर, गडद मातीत काळपट. ग्रिनेल आणि त्यांच्या काळातले अभ्यासक रंग पाहत, कवटी मोजत आणि खोऱ्याखोऱ्याला नवं नाव देत. अशा रीतीनं या एका प्रजातीच्या उपप्रजाती दोनशेच्या घरात गेल्या.

त्यांची मेहनत खोटी नव्हती. आजचा अभ्यास त्याच कातड्यांवर आणि त्याच चिठ्ठ्यांवर उभा आहे. पण मोजमापात एक गफलत दडलेली होती, आणि ती बाहेर आली लसूणघासाच्या शेतात.

जेम्स पॅटन आणि फिलिप ब्रिल्स्की या प्राणिशास्त्रज्ञांनी 1987 साली दाखवलं, की पाणी दिलेल्या लसूणघासाच्या शेतातले गोफर जवळच्या रानातल्या गोफरांपेक्षा अंगानं चांगलेच मोठे होतात. खाणं भरपूर आणि सकस, म्हणून. अंग वाढलं की कवटीही वाढते, तिची ठेवण बदलते. म्हणजे कवटीचं माप वंशाबरोबरच खाण्याबद्दलही बोलत होतं! त्यात नर मादीपेक्षा मोठा, म्हाताऱ्याची कवटी तरुणापेक्षा वेगळी. लिंग आणि वय वेगळं न काढता दोन खोऱ्यांची सरासरी ताडून पाहिली, तर फरक दिसणारच.

मग पॅटन यांनी मार्गारेट स्मिथ यांच्यासोबत जनुकीय पुरावाही हाती घेतला. 1990 साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या 46 उपप्रजातींच्या 15 केल्या. मला हे काम फार मोलाचं वाटतं. उपप्रजातीचं नाव म्हणजे त्या प्राण्याच्या इतिहासाबद्दल केलेलं विधान. नुसता आकार त्याला पुरत नाही.

नावांचा हा हिशेब प्रत्यक्ष जमिनीवर किती महत्त्वाचा ठरतो, ते वॉशिंग्टन राज्यात दिसतं. प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीच्या दक्षिणेला हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यानं आणून टाकलेल्या रेताड, गोट्यांच्या जमिनीवर गवताळ माळ आहेत. मधूनमधून जंगल. प्रत्येक माळ म्हणजे गोफरसाठी एक बेटच. इथला मझामा गोफर पूर्वी दुसऱ्याच प्रजातीत मोजला जाई. 1960 साली नराच्या जननेंद्रियातल्या हाडाची लांबी मोजून तो वेगळा काढला गेला. मझामाचं हे हाड खूपच लांब असतं. अंगलट आणि रंग यांनी जे दडवलं, ते एका बारीक हाडानं उघड केलं.

मझामाच्या चार उपप्रजातींना, म्हणजे ऑलिंपिया, येल्म, टेनायनो आणि रॉय प्रेअरी यांना, एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्यानं ‘धोक्यात’ म्हणून संरक्षण दिलं. टॅकोमाच्या गोफरला ते मिळायचं राहूनच गेलं. त्याचे माळ शहराखाली गेले आणि तो नामशेष झाला असं मानलं जातं.

या संरक्षणानंतर त्याच राज्यातल्या थर्स्टन काउंटीत गोफरच्या जमिनीवर घर बांधायचं, तर परवानगीआधी तपासणी होऊ लागली. तपासणारा मातीचे ढिगारे बघत फिरे. चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या ‘मोल’चा ढीग गोल, मधोमध माती वर आलेला. गोफरचा ढीग पंख्यासारखा एका बाजूला पसरलेला, आणि बिळाचं तोंड कडेला, मातीनं बुजवलेलं. ढिगावरून गोफर आहे एवढं कळतं. उपप्रजाती कळत नाही, कारण चारींचे ढीग सारखेच. ती ठरते माळ कुठला आहे यावरून. म्हणून प्रत्येक नोंदीत ढिगाची जागा नकाशावर नेमकी टिपावी लागते.