दोन घावांच्या मधले सहा तास

(दृश्य: मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयाचा नवजात अतिदक्षता कक्ष. वॉर्मर म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली बाळ.)

‘बाळ जन्मल्यावर रडलं नाही,’ एवढीच नोंद कागदावर असते. आत काय झालं, ते मेंदूच्या पेशींना ठाऊक.

प्राणवायू तुटला की काही मिनिटांत पेशीचं इंधन, एटीपी, संपतं. सोडियम बाहेर काढणारे पंप बंद पडतात, मागोमाग पाणी आत शिरतं, पेशी फुगते. ग्लुटामेट हे पेशींना उत्तेजित करणारं रसायन सांडतं आणि शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं. हा पहिला घाव. श्वास सुरू झाला की पेशींची ऊर्जा बहुतांशी परत येते, बाळ गुलाबी दिसतं, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण साधारण सहा तासांनंतर मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, पुन्हा कोलमडू लागतात, झटके येतात. हा दुसरा घाव पुढे दोन-तीन दिवस चालतो.

जे काही वाचवायचं, ते या मधल्या वेळात.

(दृश्य: थंड पाणी फिरवणारी गादी, तापमानाचा आकडा.)

त्यासाठीचा उपचार कूलिंग, म्हणजे बाळाचं आतलं तापमान 33.5 अंशांवर आणून 72 तास तिथेच ठेवणं. हा उपचार देण्यासाठी बाळ किमान 36 आठवड्यांचं हवं, रक्ताची आम्लता सांगणारा पीएच 7.0 किंवा त्याखाली, किंवा प्राणवायू तुटल्याची तशीच दुसरी खूण हवी, आणि तपासणीत मेंदूवर मध्यम किंवा गंभीर परिणाम दिसायला हवा. गुदद्वारातला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, निसटला, तर यंत्र समजतं बाळ गार पडलंय, आणि ते उलट तापवू लागतं. म्हणून प्रोब चिकटपट्टीनं मांडीला पक्का करतात. शेवटी ऊब द्यायची तीही तासाला अर्ध्या अंशानंच. घाई केली की रक्तदाब पडतो, झटके परततात.

श्रीमंत देशांत हा उपचार रुळला. आपल्याकडे मात्र कूलिंग केलेल्या आणि न केलेल्या बाळांची तुलना करणाऱ्या ‘हेलिक्स’ चाचणीनं वेगळंच दाखवलं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली 7 रुग्णालयं, त्यांत आपलं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही. एकूण 408 बाळं. 2021 मध्ये निकाल आले: कूलिंग केलेल्यांत 42 टक्के मृत्यू, न केलेल्यांत 31. यंत्रं स्वयंचलित होती, त्यामुळे बर्फाच्या पिशव्यांसारख्या कामचलाऊ कूलिंगवर खापर फोडता येत नाही. एक शक्यता अशी, की कित्येकांना इजा कळांच्या आधी, पोटातच झाली असावी. तसं असेल तर जन्मापासून मोजलेले सहा तास आधीच उलटलेले असतात.

म्हणून गादी विकत घेण्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. ताप चढू देऊ नका. मे महिन्यात वॉर्मर मॅन्युअलवर (उष्णता आपोआप कमी न करणाऱ्या सेटिंगवर) राहिला की बाळ बघता बघता 38 अंश ओलांडतं, आणि मेंदूचं नुकसान वाढतं. रक्तातली साखर घसरू देऊ नका. व्हेंटिलेटर जोरात चालवू नका. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात.

(दृश्य: प्रसूतिकक्ष. बाहुलीवर बॅग-मास्कचा, म्हणजे मास्क लावून पिशवी दाबत श्वास देण्याचा, सराव.)

आणि सगळ्यात आधी, पहिलं मिनिट. पुसूनही श्वास नाही, तर लगेच बॅग-मास्क, मिनिटाला 40 ते 60 वेळा. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते. जास्तीचा प्राणवायू पेशींना इजा करणारे मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) वाढवतो. छाती उचलली जात नसेल, तर बॅग जोरात दाबू नका. बहुतेक वेळा हवा मास्कच्या कडेनं निसटत असते. मास्क पुन्हा बसवा, डोकं किंचित मागे, तोंडातला चिकटा काढा. ठोके 100च्या वर चढू लागले, म्हणजे हवा फुप्फुसांत पोहोचतेय.